मासोळीचं पाणी

माझा धंदा गळती शोधण्याचा. लोक मला वॉटरप्रूफिंगवाला म्हणतात, पण डांबर फासायला कोणीही चालतो. खरी डोकेफोड असते ती पाणी कुठून येतंय हे शोधण्यात. ओल दिसते दिवाणखान्यात आणि भेग निघते शेजाऱ्याच्या न्हाणीघरात. समुद्रकाठच्या या गावात घर घेतलं ते याच हिशेबानं. इथली प्रत्येक इमारत कुठे ना कुठे गळते, त्यामुळे मला कामाचा तोटा नाही.

आमचं स्वतःचं घर मात्र ठणठणीत कोरडं आहे. त्यातही पाहुण्यांची खोली. तिच्या भिंती मी समोर उभं राहून खरवडून घेतल्या, खिडक्यांच्या चौकटी बदलल्या, छतावर दोन थर जास्त दिले. खाऱ्या वाऱ्याच्या या गावात त्या खोलीतली बिस्किटं महिनाभर कुरकुरीत राहतात. बायको म्हणते, "अहो, पाहुण्यांनी खोलीची तारीफ केल्याशिवाय तुम्ही त्यांना चहासुद्धा देणार नाही."

त्या खोलीत राहायला आलेले पहिले पाहुणे म्हणजे बायकोची मैत्रीण आणि तिचा नवरा. शुक्रवारी संध्याकाळी येणार, रविवारी जाणार. दोघी कॉलेजच्या होस्टेलवर एका खोलीत राहिलेल्या. मैत्रीण पोहण्यात इतकी पटाईत की तिचं नाव मागे पडलं आणि मासोळी हेच नाव चिकटलं. नवरा दातांचा डॉक्टर. लग्नानंतर मैत्रिणींची गाठ फोनवरच, त्यामुळे बायको आठवडाभर पडदे धूत होती.

गाडी दारात थांबली तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. मासोळी उतरली ती हातात पोहण्याचा पोशाख घेऊनच. "दाजी, चहा नंतर. आधी समुद्र!" असं म्हणून तिनं बायकोच्या गळ्यात हात टाकला आणि दोघी गल्ली उतरायला लागल्यासुद्धा.

डॉक्टर मागून उतरले. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, चेहऱ्यावर जरा दमलेलं हसू. दोघांत सामान म्हणजे एक लहान बॅग आणि एक भली मोठी, आणि मोठी बॅग त्यांची होती. मी हात मिळवला. त्यांची बोटं सुरकुतलेली लागली, बराच वेळ भांडी घासल्यावर होतात तशी.

"पाणी किती लांब आहे इथून?" त्यांनी विचारलं.

"गल्ली संपली की धक्का, त्याच्यापलीकडे वाळू. चालत पाच मिनिटं."

"पाच मिनिटं," ते स्वतःशीच म्हणाले. मला वाटलं, समुद्राला घाबरत असतील. असतात काही माणसं.

आम्ही व्हरांड्यात बसलो. बसण्याआधी डॉक्टरांनी खुर्चीवरची उशी उचलून बाजूला ठेवली. मी त्यांना अक्कलदाढेबद्दल विचारत होतो, तेही छान समजावून सांगत होते. एकदम वाक्य अर्धवट सोडून ते उठले. "एक मिनिट हं, जरा कपडे बदलून येतो."

त्यांच्या खुर्चीवरून पाणी ठिबकत होतं.

मी सवयीनं आधी वर पाहिलं. छत कोरडं. मग खुर्चीवरून बोट फिरवून जिभेला लावलं. हसू नका, माझ्या धंद्यात हे करावं लागतं. टाकीच्या पाण्याची चव वेगळी, सिमेंटमधून झिरपलेल्या पाण्याची वेगळी. हे पाणी खारट होतं. नुसतं खारट नव्हे, त्यात वाळूचा एक कणही दाताखाली कचकन आला.

डॉक्टर दुसरा पांढरा शर्ट घालून आले आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागले. मी काही विचारलं नाही. पाहुण्याला खुर्ची ओली का केली म्हणून विचारायचं तरी कसं?

दिवस मावळताना दोघी परतल्या. मासोळीचे केस मोकळे होते आणि वाऱ्यावर भुरभुरत होते. तिच्या पायांना वाळूही चिकटलेली नव्हती.

"पोहली नाहीस का?" मी विचारलं.

"वा! चांगली गळ्याच्या वर पाण्यात होते."

"ही अशीच," बायको हसून म्हणाली. "होस्टेलवर सुरुवातीला हिचा टॉवेल कधी ओला नसायचा. आम्ही म्हणायचो, ही आंघोळच करत नाही."

"माझी कातडीच तशी आहे. पाणी धरत नाही," मासोळी म्हणाली आणि नवऱ्याकडे न बघताच तिनं स्वतःचा कोरडा टॉवेल त्याच्या मांडीवर टाकला. त्यांनी तो घेऊन मान पुसली. इतक्या सहज, की जणू सगळ्या जगात बायका पोहून आल्यावर नवरे अंग पुसतात.

शनिवारी सकाळी मी उठलो तेव्हा बायको आणि मासोळी केव्हाच किनाऱ्यावर गेल्या होत्या. पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि डॉक्टर गादी उचलून उभी करायच्या खटपटीत होते. गादी एका बाजूनं चिंब भिजलेली होती. बाजू कसली, त्या ओलीला आकार होता. डोकं, खांदे, एक दुमडलेला पाय. शेजारची मासोळीची बाजू परीटघडीची.

माझा तर चेहराच पडला. माझी खोली, आणि गळती! मी धावत जाऊन ओल मोजायचं यंत्र आणलं. भिंत, छत, फरशीचे सांधे, खिडकी, सगळीकडे ते टेकवून पाहिलं. काटा जागचा हलेना.

डॉक्टर माझी धावपळ बघत होते. शेवटी म्हणाले, "राहू द्या हो. तुमची खोली कोरडीच आहे. गळती माझी आहे."

गादी उन्हात टाकून आम्ही व्हरांड्यात बसलो. त्यांनी मला सगळं सांगितलं ते एखाद्यानं आपल्या रक्तदाबाबद्दल सांगावं तसं.

ती पोहते, तेव्हा ते भिजतात. ती आंघोळीला गेली की ते दवाखान्यात आत जाऊन शर्ट बदलतात. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ती तरणतलावावर गेली आणि इकडे ते पेशंटच्या तोंडात डोकावून बघत असताना त्यांच्या नाकातून क्लोरीनचं पाणी आलं. शर्टांचे रंग उडायला लागले, तेव्हापासून सगळे शर्ट पांढरे. "दातांच्या डॉक्टरला पांढरं शोभून दिसतं, ते एक बरं," ते म्हणाले.

"आणि तिनं बुडी मारली तर?"

"श्वास धरतो. सवय झाली आहे. ती बुडी मारणार हे मला क्षणभर आधी कळतं."

"तुम्ही तिला सांगितलं नाही?"

"सांगितलं तर ती पाण्यात जाणार नाही. तुम्ही तिला पाण्यात बघितलंय का?"

"नाही."

"मग बघा एकदा."

मला खरं तर भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, मला राहवत नव्हतं. आयुष्यभर भलत्याच ठिकाणी निघणारं पाणी शोधत हिंडलो, आणि असं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. दुपारी मासोळी स्वयंपाकघरात द्राक्षं धुवायला उभी राहिली, तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, "तळहात दाखवा."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले. आत नळ सुटल्याचा आवाज आला आणि थंड सरबताच्या पेल्यावर बाहेरून जमतात तसे बारीक थेंब त्यांच्या तळव्यांवर उमटले. थेंबाला थेंब मिळाला, बोटांच्या बेचक्यातून धार लागली. नळ बंद झाला. धार थांबली.

"मासोळी," मी आत ओरडलो, "अजून एक घड धू गं!"

पुन्हा नळ, पुन्हा थेंब. मी लहान मुलासारखा टाळी द्यायच्या बेतात होतो. डॉक्टर प्रथमच मोठ्यानं हसले. "याची मजा वाटलेले तुम्ही पहिलेच," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तसं तुमच्याशिवाय कोणाला माहीतही नाही."

जेवताना मी विषय पाण्याकडे वळवला. पोहायला कुठे शिकलीस, कोणी शिकवलं, असं सहजच.

"कोणी नाही," मासोळी म्हणाली. "पाण्याची भीतीच वाटली नाही कधी. आमच्या ताईला मात्र फार वाटायची. ती पाण्याच्या जवळही जायची नाही. घरातली सगळ्यांत आजारी मुलगी. बारा महिने सर्दी, उशाशी कायम सुके कपडे." ती बायकोकडे वळली. "तुला आठवतंय ना, आपण कॉलेजच्या सहलीला तळ्यावर गेलो होतो?"

"तू त्या टोकापर्यंत पोहून गेली होतीस," बायको हळू आवाजात म्हणाली. "आणि संध्याकाळी घरून निरोप आला."

"ताई पलंगावरच गेली. छातीत पाणी झालं म्हणाले."

डॉक्टर संत्रं सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यानंतर हिनं पाणी सोडलं," बायको मला म्हणाली. "आम्ही किती ओढायचो, पण तलावाकडे फिरकायची नाही."

"नाहीच," मासोळी म्हणाली. "पाणी लागायचं ना अंगाला. साधी आंघोळ केली तरी केस तासन्‌तास ओले. थंडी वाजायची. फार एकटं वाटायचं." तिनं नवऱ्याच्या हातातली संत्र्याची फोड घेतली आणि तोंडात टाकली. "मग याच्याशी लग्न झालं, आणि मी परत पोहायला लागले."

जेवण झाल्यावर दुपारी मीही धक्क्यावर गेलो आणि तिला पाण्यात पाहिलं. डॉक्टर म्हणत होते ते खरं होतं. ती पोहत नव्हती, पाणी तिला वाट करून देत होतं. लाट फुटायची, तिच्या डोक्यावरून जायची, आणि तिचे केस तसेच उडत राहायचे. किनाऱ्यावरचे लोकही उभे राहून बघत होते. मी घरी परतलो तेव्हा डॉक्टरांनी व्हरांड्याच्या दोरीवर आपले शर्ट ओळीनं वाळत टाकले होते आणि अंगातला शर्ट ओला होता.

"पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं," मी म्हणालो.

रविवारी सकाळी टोस्टला लोणी लावता लावता मासोळी म्हणाली, "आज मी त्या खडकापर्यंत जाणार."

खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. त्याच्या अलीकडे पाण्याला ओढ आहे. गावातले चांगले पोहणारेही तिकडे जात नाहीत. मी तसं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच.

"मला ओढ लागत नाही, दाजी. पाणी मला धरतच नाही."

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते बशीतली साखर चमच्यानं गोळा करत होते. मी त्यांना आत बोलावलं आणि म्हणालो, "सांगा तिला. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगतो."

"नका," ते म्हणाले. "ती लवकर परत येईल. मी तिला सांगतो लवकर ये म्हणून."

फाटकाशी त्यांनी खरंच तेवढंच सांगितलं. मासोळीनं त्यांची कॉलर सारखी केली. "तू आहेस ना," ती म्हणाली. "मग मला काय होतंय?"

हे बोलताना ती त्यांच्या डोळ्यांत बघत होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की न बोललेली ही गोष्ट दोघांनाही माहीत आहे.

बायकोला मी फोन हातात ठेवायला सांगितलं. दोघी गेल्या. डॉक्टर न्हाणीघरात गेले आणि भिंतीला टेकून फरशीवर बसले. "इथे बरं," ते म्हणाले. "पाणी जाळीतून निघून जाईल. तुमच्या आणखी गाद्या खराब व्हायला नकोत."

मी दारात स्टूल टाकून बसलो. आधी त्यांचे पाय भिजले. मग पँट, मग छातीवर शर्ट चिकटला. केसांतून ओघळ सुटले. बाहेर स्वच्छ ऊन होतं, कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि माझ्यासमोर एक माणूस बसल्या जागी समुद्रात उतरत होता. मध्येच ते मान कलती करून श्वास घ्यायचे, पोहणारा घेतो तसा.

"छान पोहतेय," ते म्हणाले.

थोड्या वेळानं ते बोलेनासे झाले. त्यांचा श्वास चुकायला लागला. खोकले, आणि तोंडातून ओंजळभर पाणी आलं. दुसऱ्यांदा खोकले तेव्हा दातांत शेवाळाची हिरवी काडी अडकलेली होती.

मी बायकोला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला. "बोलाव तिला!"

"अहो, ती ओढीत सापडली आहे!" बायकोचा आवाज वाऱ्यात फाटत होता. "खाली जातेय, वर येतेय. पण हसतेय हो! हात हलवतेय मला!"

"तिला सांग, डॉक्टर मरताहेत म्हणून. ओरड!"

बायको ओरडली. मला फोनमधून ऐकू आलं. एकदा, दोनदा, मग नुसताच वारा.

डॉक्टर आडवे झाले होते. मी त्यांना कुशीवर वळवलं, पाठीवर थापा मारल्या. पाणी येतच होतं. नाकातून, तोंडातून, शर्टाच्या बाह्यांतून. जाळीला ते खेचवेना. माझ्या घोट्यापर्यंत गार, खारं पाणी चढलं.

मी कुठे हात लावणार? भेग कुठे होती?

"वळली का?" मी फोनवर ओरडलो.

"थांबली आहे. ऐकलं तिनं. इकडे बघतेय." मग बराच वेळ काही नाही. "नाही, पुढे गेली. खडकाला हात लावला. आता वळली."

मी त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत होतो. ओठ निळे पडले होते.

मनगट धरलं. माझ्या बोटांना नाडी लागली नाही. पण गार पाण्यानं माझी बोटंच बधिर झाली होती.

आणि पाणी थांबलं.

त्याच वेळी फोनमधून बायकोची किंकाळी आली. "बुडतेय ती! अहो, ती बुडतेय!" मग फोन वाळूत पडल्याचा आवाज.

फरशीवरचं पाणी गोल फिरत जाळीतून गेलं. न्हाणीघर शांत झालं.

डॉक्टरांनी डोळे उघडले. उठून बसले. शर्टाच्या बाहीवरून हात फिरवला. बाही कोरडी होती, इस्त्री केल्यासारखी. "झालं," ते म्हणाले.

मासोळीला बायकोनं ओढून काढलं. वळल्यावर अर्ध्या वाटेवर तिचे हात एकाएकी जड झाले होते, नाकातोंडात पाणी गेलं होतं. लाटांनीच तिला अलीकडे लोटलं, आणि जेमतेम पोहता येणारी माझी बायको गळ्याएवढ्या पाण्यात शिरली आणि तिनं तिला केसांना धरून ओढलं. दोघी घरी आल्या त्या निथळत. मासोळीचे दात कडाकडा वाजत होते. बायकोनं तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, गरम दूध दिलं.

"लागलं गं," मासोळी पुटपुटली. "पाणी लागलं मला."

"अगं, समुद्रात होतीस. लागणार नाही तर काय?" बायको तिचे केस पुसत म्हणाली.

मासोळी डॉक्टरांकडे बघत होती. डॉक्टर बॅग भरत होते. दोरीवरचे शर्ट काढून, एकेकाची नीट घडी घालत होते.

मी त्यांना म्हटलं, जाण्याआधी गावातल्या डॉक्टरला दाखवू.

"मीच डॉक्टर आहे की," ते हसून म्हणाले.

"दातांचे."

"तेवढं पुरे." मी चहा पुढे केला. त्यांनी कप हातात घेतला, जरा वेळ धरला आणि तसाच परत ठेवला. "नको. तहानच नाही आज."

बायकोला या सगळ्याचं काय करावं कळेना. तिनं त्यांना अजून एक दिवस राहायचा फार आग्रह केला. मी त्यांची मोठी बॅग गाडीत ठेवली. मासोळीला चालवत नव्हतं. डॉक्टरांनी तिला धरून गाडीत बसवलं, ब्लँकेट पायांवर घातलं. "वहिनी, ब्लँकेट पाठवून देऊ," ते म्हणाले. माझा हात हातात घेतला. त्यांची बोटं गुळगुळीत होती. "खोली खरंच छान आहे तुमची. कोरडी."

दुपारपासून आभाळ भरून आलं होतं, हवा गार झाली होती. त्यांनी गाडीच्या काचा वर केल्या, पण गाडी लगेच निघाली नाही. आत दोघं बोलत होते. मासोळी रडत असावी. डॉक्टर तिच्याकडे झुकून, तोंड जवळ नेऊन तिला काहीतरी समजावत होते, बराच वेळ. बायको आणि मी फाटकाशी हात वर करून उभे होतो.

बंद गाडीत माणसं बसली की श्वासानं काचा धुरकट होतात. मासोळीच्या बाजूची काच पांढरी झाली, मग समोरची तिच्याकडची अर्धी. आतलं तिचं तोंडही दिसेनासं झालं.

डॉक्टरांच्या बाजूची अर्धी काच लखलखीत होती. तिच्यातून त्यांनी आम्हाला हात केला आणि गाडी सुरू केली.